पंधरा माद्यांचा परवाना

हिकरी फोर्क, अलाबामा
८ मार्च १९९८, रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय वर्डेल,

देवाच्या दयेनं मी बरी आहे, आणि तूही तिकडे डेट्रॉइटला बरा असशील असं धरून चालते. गुडघे सोडले तर माझं बाकी सगळं जागच्या जागी आहे. गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, पण तो आमच्या घरातला मामला.

हे पत्र तुझी भाची लिहिते आहे. आपल्या लूव्हिनियाची जेरिलिन. तुझ्या बापाच्या दफनाला आलास आणि चर्चमध्ये न येता बाहेरच्या झाडाखाली उभा राहिलास, तेव्हा तुझ्या हातात सरबताचा पेला देऊन गेली ती. मी बोलते, ती लिहिते, आणि मध्येच थांबून म्हणते, "मोठी आई, पत्रात असं नाही लिहीत कुणी." मी तिला म्हटलं, "मला अक्षर येत नाही म्हणून तुला बसवलंय, अक्कल येत नाही म्हणून नाही." हेही लिही म्हटलं. लिहिलं असेल तर पोरगी इमानदार आहे असं समज.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण काय बोलतो, आठव. मी विचारते बर्फ पडलं का, तू विचारतोस पाऊस झाला का, आणि मग दोघंही तारेच्या दोन टोकांना श्वास घेत बसतो. कागदावर निदान तुझं गप्प बसणं मला ऐकू येत नाही.

तर बातमी. जेरिलिननं माँटगोमरीची नोकरी सोडली आणि ती इथे राहायला आली. जंगलाचं शिक्षण घेतलंय तिनं. आपली एकशे साठ एकर ती आता हरणांसाठी नीट करणार आहे. मी म्हटलं, हरणांनी तक्रार केली होती का? तर ती मला हाताला धरून ओढ्यापलीकडे घेऊन गेली.

वर्डेल, तू पाहिलेलं रान आता राहिलेलं नाही. वर बघितलं तर सगळं हिरवं. पण जमिनीपासून माझ्या हनुवटीपर्यंत काही म्हणजे काही नाही. न्हाव्यानं दोरी धरून कापावं तसं, हरणाची मान पोचते तिथवर सगळं साफ. तिनं वर्षापूर्वी, सुट्टीत आली असताना, तिथे तारेचा एक पिंजरा ठोकून ठेवला होता, खाटेएवढा. त्या पिंजऱ्याच्या आत ओकची रोपं, काटेवेल, बेरीची झुडपं, कमरेएवढी. बाहेर नुसती वाळकी पानं. मी कितीतरी वेळ त्या तारेला धरून उभी होते. चाळीस वर्षं आपण म्हणत आलो की जमीन म्हातारी झाली. जमिनीला काही झालं नव्हतं. तिला तोंड वर काढू देत नव्हते.

हरणं फार झालीत, आणि त्यातही माद्याच माद्या. का झाल्या ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुझ्या बापाची शपथ.

जेरिलिनला ते सगळं सांगावं लागलं. मी लग्न होऊन आले तेव्हा या जिल्ह्यात हरीण नव्हतंच. लोकांनी खाऊन संपवलं होतं. मग सरकारी ट्रकमधून खोकी आली, अकरा हरणं, आणि खोक्यांच्या फळ्या उघडायला रोजावर जी माणसं घेतली त्यात तुझा बाप क्लिओफस होता. पुढच्या वर्षी आपल्या झऱ्याजवळ चिखलात एक खूर उमटला. एकच. तुझ्या बापानं त्यावर माझं कपडे धुण्याचं घमेलं पालथं घातलं, पावसानं जाऊ नये म्हणून. रविवारी चर्च सुटल्यावर सगळा गाव ते घमेलं उचलून बघायला आला. माझे कपडे तीन दिवस तसेच पडून. त्या दिवशी त्यानं लोकांसमोर शपथ घेतली की या जमिनीवर कुणी मादी मारणार नाही, आणि जो मारेल तो त्याचा कुणी नाही. माणूस भला होता. भल्या माणसाची शपथ कशी मोडायची हे कुणाला कळत नाही, हीच त्यातली अडचण.

गेल्या मंगळवारी आम्ही रान पेटवलं. मुद्दाम, पाचोळा जळून नवं फुटावं म्हणून, वारा बघून, कडेनं नांगराचा पट्टा फिरवून. माझी सासू दर फेब्रुवारीत कुणाला न विचारता पेटवायची. मग सरकारनं दुकानाच्या भिंतीवर चित्रं लावली की आग म्हणजे पाप. आता त्याच सरकारनं जेरिलिनला शिक्का मारून कागद दिलाय की आग चांगली. सासू आणखी पन्नास वर्षं जगली असती तर तिलाही शिक्का मिळाला असता. मी खुर्ची टाकून बसले होते. ठिणग्या विझवायचं ओलं पोतं हातात दिलं होतं माझ्याही, मान म्हणून.

आता कामाचं. सरकारकडून पंधरा माद्यांचा परवाना मिळालाय, डिसेंबरसाठी. जेरिलिन म्हणते, पंधरा गेल्या तरच बाकीच्यांना खायला उरेल, शिंगवाले नर मोठे होतील, ओक वर येतील. तिला बंदूक धरणारी माणसं हवीत. घरची. तू ये असं ती म्हणते.

खरं तर ती तसं काही म्हणालेली नाही. मीच म्हणते, आणि ती डोळे मोठे करून लिहिते आहे. एकतीस वर्षांत तू या उंबऱ्यावर पाय ठेवला नाहीस. मी बहात्तर वर्षांची आहे. मला तू या घरात, टेबलाशी बसलेला, एकदा बघायचा आहेस. दुसरं मागणं नाही. जुन्या गोष्टी मी काढत नाही, तूही काढू नकोस.

वाट बघणं ज्याच्या वाट्याला आलं त्यानं फार बोलू नये म्हणतात, म्हणून थांबते.

तुझी आई,
ओझेला मिम्स


हिकरी फोर्क
२० सप्टेंबर १९९८

प्रिय वर्डेल,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला पूल आहे, चांगला मोठा पूल आहे. मागच्या बाजूला दोन ओळी. जेरिलिननं त्या वाचल्या: "आई, त्या रानात माझ्या नावावर एक मादी आहे. तेवढी पुरे." मी तिला पुन्हा वाचायला लावलं, म्हटलं आणखी असेल काही कोपऱ्यात. नव्हतं.

बरं. रागावले नाही. मी इकडची हकिगत सांगते, तू ऐक.

तुझ्या भाचीनं मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मागचं शेत, ज्यात मी आणि तुझा बाप पाठ मोडेपर्यंत खुरपत आलो, ते तिनं मुद्दाम पडीक टाकलंय. तण डोक्याएवढं. म्हणते, "मोठी आई, ज्याला तू तण म्हणतेस ते हरणांचं जेवण आहे." आणि कुंपणावरची ती काटेवेल, जी मी जन्मभर उपटली आणि जिनं माझे पाय जन्मभर ओरबाडले, तिच्या मुळाशी ही बाई पोत्यातलं खत घालते. विकत आणून. मी ओसरीवरून बघत होते. काटेवेल माझ्याकडे बघून हसली असं मी म्हणणार नाही, पण तिचा रुबाब वाढलाय.

आपल्या चर्चचा डीकन टॉलबर्ट परवा आला होता. एकोणऐंशीचा झाला, पण जीभ अजून विशीतली आहे. कुंपणाशी उभा राहून म्हणतो, "ओझेला, तुझ्या घरात कुणी आजारी आहे का? शेताकडे कुणी बघत नाही ते."

जेरिलिन म्हणाली, "काका, हे शेत हरणांसाठी आहे."

"हरणांना खुरपता येत नाही का?"

मग पंधरा माद्यांचं ऐकलं तेव्हा मात्र तो हसायचा थांबला. तोही होता ना त्या दिवशी घमेल्याजवळ. म्हणाला, "क्लिओफसला जाऊन दोन वर्षं नाही झाली." आणि टोपी घालून निघून गेला. पण जेरिलिननं त्याच्या मागे जाऊन त्याला त्या तारेच्या पिंजऱ्यापाशी नेलं. तास झाला तरी दोघं परत येईनात. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "मला वाटायचं माझे डोळे गेलेत म्हणून रान विरळ दिसतं." डिसेंबरात येणार आहे तो. बंदूक आणणार आहे.

तुझं कार्ड वाचून झाल्यावर जेरिलिननं विचारलं, "मोठी आई, मामाची ती मादी कोणती?" तिला फक्त मांस टिकवायच्या धुराच्या खोलीतली चिंधी माहीत आहे, गोष्ट माहीत नव्हती. मी सांगितली, सगळे सांगतात तशी.

की आपल्याकडे ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापून भिंतीवर ठोकतात, आणि सगळे हसतात, आणि ज्याचा सदरा गेला तोही हसतो. आपल्या धुराच्या खोलीत अशा चव्वेचाळीस चिंध्या आहेत, पाळकाचीही आहे. पण एक चिंधी नेम चुकल्याची नाही. सदुसष्टच्या जानेवारीत तुझा बाप लाकूडतोडीच्या छावणीवरून सहा आठवड्यांनी घरी आला आणि त्याला कोठारामागे मादीचं कातडं सापडलं. तू सोळा वर्षांचा होतास. त्यानं तुझा सदरा कापला आणि दारावर ठोकला, सगळ्यांच्या वर, आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही. जो यायचा तो विचारायचा, वरची कुणाची? आणि तुझा बाप सांगायचा. जून उजाडायच्या आत तू उत्तरेची बस धरलीस.

जेरिलिननं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोळा वर्षांच्या मुलानं कोलार्डच्या भाजीच्या वाफ्यात उभी असलेली मादी मारली, त्यात एवढं काय?"

मी म्हटलं, "वाफ्याचं तुला कुणी सांगितलं?"

म्हणाली, "तूच. आत्ता. म्हणालीस, कोलार्डच्या तिसऱ्या ओळीत पडली."

मी म्हटलं, "म्हातारं माणूस काहीही बोलतं."

"मामानं सांगितलं होतं का तुला?"

मी म्हटलं, चुलीवर शेंगा, नव्हे, मटार ठेवलेत, ते बघ आधी. चुलीवर काही नव्हतं. ती उठून बघून आली आणि परत बसली. हे सगळं तिनं इथे का लिहिलंय मला कळत नाही, मी खोडायला सांगितलं होतं. म्हणते, शाईनं लिहिलंय.

डिसेंबरच्या पाच तारखेपासून माद्यांचे दिवस आहेत. तुझी खोली झाडून ठेवलीय. खोली झाडायला कुणाची परवानगी लागत नाही, तुझीही नाही.

पांघरूण लांब केलंय, तू माझ्यापेक्षा किती उंच झालास ते झाडाखाली बघितलं होतं.

तुझी आई


हिकरी फोर्क
१४ डिसेंबर १९९८, सोमवार

वर्डेल, माझ्या बाळा,

तब्येत, हवा, गुडघे, हे सगळं तू मनानं लिहून घे. आज आधी दुसरं बोलायचं आहे, नाहीतर मी पुन्हा शेताकडे वळेन आणि पान संपेल.

शनिवारपर्यंत अकरा माद्या झाल्या. जेरिलिननं प्रत्येकीचा खालचा जबडा काढून, दातांवरून वय बघून, चिठ्ठी बांधून ओसरीवर टांगलाय. माझी ओसरी दात काढणाऱ्या डॉक्टरच्या दुकानासारखी दिसते. मांस सगळीकडे गेलं, चर्चला, शाळेच्या स्वयंपाकघराला, ओढ्याकाठच्या तीन घरांना. वाया काही गेलं नाही. पहिल्या मादीला डीकननं गोळी घातली आणि मग टोपी काढून तिच्याजवळ बराच वेळ उभा राहिला. कुणी त्याची चेष्टा केली नाही.

शनिवारी दुपारी सगळे माझ्या टेबलाशी जेवायला होते. नऊ माणसं. कोलार्ड, मक्याचा पाव, हरणाचं मांस कांद्यात परतलेलं. पोटं भरली आणि जिभा सुटल्या. कुणीतरी म्हणालं, एका आठवड्यात अकरा, क्लिओफस थडग्यात कूस बदलत असेल. आणि मग डीकन टॉलबर्टनं नेहमीसारखी सुरुवात केली. "वर्डेल बिचारा तीस वर्षं लवकर जन्मला. आज असता तर त्याला शाबासकी मिळाली असती, तेव्हा बसचं तिकीट मिळालं." सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले. तीस वर्षं झाली की गोष्टीतलं माणूस जातं आणि नुसती गोष्ट उरते.

माझ्या हातात पावाचं ताट होतं. ते मी खाली ठेवलं आणि म्हणाले, "ती मादी मी मारली."

कुणाला कळेना. मला वाटतं त्यांना वाटलं मी या आठवड्यातलं बोलते आहे.

मग मी सगळं सांगितलं, जे तुला माहीत आहे, आणि जे मी कधी तुझ्यासमोरही तोंडानं म्हटलं नाही. की तुझा बाप छावणीवर होता आणि सहा आठवडे काही धाडलं नव्हतं. की घरात चार पोरं होती आणि कोलार्ड सोडून हिरवं काही नव्हतं, आणि ती सलग तीन संध्याकाळी येऊन माझा वाफा खात होती. लोकांना वाटेल भुकेपायी मारली. भूक होती. पण खरं सांगते, राग जास्त होता. ती तिसऱ्या ओळीत उभी राहून माझ्याकडे बघत चावत होती, जशी काही मीच परकी. मला वाटलं, हिच्यासाठी माझ्या नवऱ्यानं अख्ख्या गावासमोर शपथ घेतली, माझ्यासाठी एवढी कधी घेतली नाही. एकनळी बंदूक भिंतीवर होती. स्वयंपाकघराच्या पायरीवरून मारली.

तू कोठारातून धावत आलास. काही विचारलं नाहीस. तिला ओढायला लागलास. कातडं तूच पुरलंस, आणि उथळ पुरलंस, कारण जमीन गोठली होती आणि तू सोळा वर्षांचा होतास. कुत्र्यांनी उकरलं.

तुझा बाप ते कातडं हातात घेऊन आत आला आणि विचारलं, कुणी? माझे हात बिस्किटांच्या पिठात होते. मी हात पुसू लागले. मला वाटत होतं, हात पुसून झाले की सांगते. तेवढ्यात तू म्हणालास, मी.

आणि मी तुला म्हणू दिलं.

मी रोज ठरवलं, उद्या सांगते. त्याचा राग उतरला की सांगते. मग तू गेलास, मग म्हटलं आता सांगून काय उपयोग. मग तो आजारी पडला. शेवटचे चार महिने मी त्याला चमच्यानं भरवलं, दिवसातून तीनदा, आणि तीनदा गप्प राहिले. तो चुकीच्या माणसावर रागावून गेला, वर्डेल. त्याच्या हातून एक चूक झाली ती त्याला कळू शकली असती, पण मी कळू दिली नाही. तू चर्चमध्ये आला नाहीस ते बरोबर केलंस. आत यायला नको होतं ते मी.

जेरिलिन माझ्याकडे बघत होती. आज हे लिहिताना बघते आहे तशीच. मग डीकन टॉलबर्ट म्हणाला,

"पायरीवरून तिसऱ्या ओळीपर्यंत? संध्याकाळी?"

"हो."

"एका गोळीत?"

"दुसरी नव्हतीच घरात."

त्यानं मान हलवली. म्हणाला, "तीस वर्षं मी चुकीच्या मिम्सची नेमबाजी सांगत फिरलो."

मी म्हटलं, "माझ्या झग्याचं टोक काप आणि ठोक तिथे."

"चिंधी नेम चुकला की कापतात, ओझेला. तुझा चुकला नव्हता."

"त्याचाही चुकला नव्हता. त्यानं बंदूकच उचलली नव्हती."

तो उठला, माझ्याच स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली, धुराच्या खोलीत गेला, आणि एकोणऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीवर चढला. आम्ही सगळे खाली उभे, कुणी खुर्ची धरली, कुणी त्याला. त्यानं खिळा काढला. तुला पाठवावं म्हणून मी हात पुढे केला होता, पण कापड धुरानं इतकं जळलं होतं की बोटात धरताच त्याचं पीठ झालं. पाठवण्यासारखं काही उरलं नाही.

काल चर्चमध्ये पुन्हा सांगितलं, म्हणजे अर्ध्या गावाला अर्धवट कळायला नको. पाळक म्हणाला, बसून बोला. मी म्हटलं, हे बसून करण्यासारखं काम नाही. काही बायका रडल्या. माझी जाऊ माझ्याशी बोलली नाही, पण ती तशीही बोलत नाही.

तुला सांगायच्या आधी त्यांना सांगितलं, म्हणून रागावू नकोस. तुला आधी लिहिलं असतं तर तू तुझ्या सवयीनं म्हणाला असतास, जाऊ दे आई, राहू दे. मला ते ऐकायचं नव्हतं. तू माझ्यासाठी एकदा खोटं बोललास. ते मी आयुष्यभर वापरलं. आता ते झिजलं, परत करते.

तू ये असं मी आता म्हणणार नाही. आधीच्या दोन पत्रांत म्हणाले, तो हक्क मला नव्हता. ज्याला मी घरातून जाऊ दिलं त्याला घरी ये म्हणायचं, आणि का गेलास ते लपवायचं, असं चाललं होतं माझं. पण इथल्या कुणाच्या तोंडी आता तुझी गोष्ट नाही, एवढं सांगून ठेवते. दुकानात गेलास तर ते पावसाचं विचारतील. कुंपणावरून हाक मारतील ती वर्डेल म्हणून मारतील, दुसरं काही चिकटवून नाही. बसथांब्यापासून घरापर्यंतचा तो दीड मैल तू नुसता माणूस म्हणून चालू शकशील. आलास तर. नाही आलास तरी तो रस्ता तसाच राहील, मी असले नसले तरी. जेरिलिनला सांगून ठेवलंय.

परवान्यातल्या चार माद्या अजून बाकी आहेत. जेरिलिन म्हणते, महिनाअखेरपर्यंत वेळ आहे.

तुझ्या कार्डावर तू लिहिलं होतंस की त्या रानात तुझ्या नावावर एक मादी आहे. ती तुझी नाही. ती मला दे. पोरी, आता खाली माझं नाव लिही, पूर्ण लिही, आणि मी सांगते तसंच लिही.

ती मादी मारणारी,
तुझी आई,
ओझेला मिम्स